व्यत्ययाचा माग

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रेडिओ नियमावली लहरींमधल्या व्यत्ययाचे तीन प्रकार मानते: अनुज्ञेय, संमतीने स्वीकारलेला आणि हानिकारक. एकाच आकाशात असंख्य सेवा चालतात, तेव्हा थोडी कुरबुर गृहीतच असते. विमानांना वाट दाखवणारी किंवा जीव वाचवणारी सेवा धोक्यात आली, अथवा इतर कोणतीही सेवा पुन्हा पुन्हा तुटू लागली, की व्यत्यय हानिकारक ठरतो आणि त्याचा शोध सुरू होतो.

भारतात हा शोध दूरसंचार विभागाची ‘वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन’ घेते. कोणी कोणत्या वारंवारितेवर बोलायचे हे १९५२ साली स्थापन झालेला ‘डब्ल्यूपीसी’ कक्ष ठरवतो. ते प्रत्यक्षात पाळले जाते का, हे ऐकण्याचे काम या संघटनेचे. तिची केंद्रे देशभर आहेत. मुंबई, नागपूर आणि गोव्यातही आहेत. उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारे भूकेंद्र मात्र जालन्यात आहे.

शहरांत वारंवार सापडणारा उपद्रव म्हणजे घरात किंवा दुकानात बसवलेला विनापरवाना मोबाइल बूस्टर. टॉवरकडून येणारा सिग्नल वाढवताना तो उलट दिशेने टॉवरकडे नुसता गोंगाटही पाठवतो. त्याच्या दोन अँटेना जवळजवळ बसवलेल्या असतील, तर एकीतून निघालेले दुसरीत शिरते आणि ध्वनिवर्धकाने शिट्टी मारावी तसे ते यंत्र अखंड ओरडू लागते. हातातल्या फोनचा क्षीण आवाज टॉवरला मग ऐकूच येत नाही. बूस्टर लावणाऱ्याच्या फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात. कॉल तुटतात ते आसपासच्या लोकांचे. त्यामुळे आपल्या छपरावरून त्रास होतो आहे, याची त्याला बहुधा कल्पनाच नसते.

तक्रार मोबाइल कंपनीकडून येते, आणि तिच्यातच पहिला धागा असतो. टॉवरचे साधारणपणे तीन विभाग असतात, प्रत्येक १२० अंशांचा. गोंगाट कोणत्या विभागात वाढला, दिवसभर असतो की दुकानाच्या वेळेतच, यावरून दिशा आणि सवय दोन्ही कळतात. त्याआधी कंपनीने आपलीच केबल किंवा जोड सदोष नाही ना, हे पाहून घ्यावे लागते. ही पायरी गाळली तर पथकाचा दिवस वाया जातो.

पुढचा शोध अँटेनांच्या गाडीतून होतो. एका जागेवरून मिळते ती फक्त दिशा. दुसऱ्या जागेवरची रेषा पहिलीला जिथे छेदते, तिथे संशय जातो. एक अंशाची चूक १० किलोमीटरवर सुमारे १७५ मीटरची होते, आणि शहरात तेवढ्यात एक अख्खी वस्ती मावते. शिवाय इमारतींवर आपटून लहरी खोट्या दिशेने येतात. म्हणून अनेक ठिकाणांहून नोंदी घेऊन, न जुळणाऱ्या रेषा टाकून द्याव्या लागतात. दुसऱ्या पद्धतीत सिग्नल वेगवेगळ्या केंद्रांवर किती फरकाने पोहोचला ते मोजतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर, त्यामुळे सगळ्या केंद्रांची घड्याळे काटेकोर जुळलेली हवीत.

शेवटचा टप्पा पायी. हातात दिशादर्शक अँटेना आणि छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर. स्रोताजवळ सिग्नल इतका प्रबळ होतो की सगळ्याच दिशा सारख्या वाटतात; तेव्हा मुद्दाम ॲटेन्युएटर लावून ग्रहण कमी करतात आणि एकेक मजला, एकेक खिडकी वगळत जातात. यंत्र बंद करताच टॉवरवरचा गोंगाट उतरला, तरच स्रोत सापडला असे मानतात. परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणेही १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते; त्यामुळे नोटीस आणि जप्तीचा मार्ग असतो. व्यत्यय परदेशातून येत असेल, तर नियमावलीच्या दहाव्या परिशिष्टातील नमुन्यात त्या देशाच्या प्रशासनाकडे तक्रार जाते.

कधी दोषी कोणीच नसतो. समजा, १०६ आणि ९२ मेगाहर्ट्झची दोन एफएम केंद्रे एकाच मनोऱ्यावर आहेत. दोघांचेही काम नियमाप्रमाणे चालले आहे; पण एखाद्या गंजलेल्या जोडात त्यांचे मिश्रण झाले, तर १०६ ची दुप्पट वजा ९२, म्हणजे १२० मेगाहर्ट्झवर तिसरीच लहर जन्मते. ती वैमानिकांच्या संभाषणाच्या पट्ट्यात पडते. असा स्रोत एकेक प्रक्षेपक आळीपाळीने बंद करून पाहिल्यावर उघड होतो, आणि उपाय म्हणजे जोड घासून साफ करणे किंवा गाळणी बसवणे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीला तर अशा शोधासाठी स्वतःचे पथक ठेवावे लागते. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपतात. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारेचा सैल जोडही तिथे मोठा शत्रू ठरतो. ५० हर्ट्झच्या विजेत अशी ठिणगी सेकंदाला १०० वेळा उसळू शकते, म्हणून दर १० मिलिसेकंदांना येणारा ठोका दिसला की संशय तारेवर जातो. कोरड्या हवेत हा ठोका जोरात असतो आणि पाऊस पडला की बहुधा थांबतो, त्यामुळे शोध उन्हातच घ्यावा लागतो. अँटेना धरून तारेखालून चालत नेमका खांब ठरवला, की पुढचे काम वीज कंपनीच्या वायरमनचे: जोड आवळायचा, तडकलेला इन्सुलेटर बदलायचा. मग त्याच जागी पुन्हा मोजमाप घेतले जाते.