कपडे वाळविणारे यंत्र बंद पडते तेव्हा

सांजांवाच्या सुमारास गोव्यात पाऊस एकदा स्थिरावला की थेट चवथीपर्यंत घरोघरी एकच विवंचना असते. कपडे वाळवायचे कोठे? पडवीत, माजघरात, पंख्याखाली, जेथे जागा मिळेल तेथे दोऱ्या बांधल्या जातात. तरीही मुलांचा गणवेश सकाळी ओलसरच हाती येतो आणि त्याला कुबट वास येत असतो. या अडचणीवर उपाय म्हणून काही घरांत आता कंडेन्सर जातीचा ड्रायर आलेला आहे. जुन्या पद्धतीच्या ड्रायरमधील दमट हवा बाहेर सोडण्यासाठी भिंतीला भोक पाडून नळी बसवावी लागते. कंडेन्सर ड्रायरला अशा नळीची गरज नसते. म्हणून सदनिकेत तो सोयीचा ठरतो. मात्र ऐन पावसात तो बंद पडला म्हणजे घरातील हरहुन्नरी माणसाचा हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. त्यात गैर काही नाही. या यंत्राच्या पुष्कळशा तक्रारी केवळ साफसफाईने दूर होतात. परंतु कोणते काम घरी करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे हात आवरावा, हे आधी ठाऊक असले पाहिजे.

प्रथम यंत्राचे कार्य समजून घेणे इष्ट. सात किलो सुती कपडे धुलाईयंत्रात मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगाने पिळून घेतले, तरी त्यांत सुमारे चार लिटर पाणी शिल्लक राहते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. म्हणजे चार लिटरांना पावणेतीन युनिटे झाली. वाया जाणारी उष्णता धरता अशा एका घाण्याला प्रत्यक्षात चार युनिटांच्या आसपास वीज खर्च होते. ही सर्व उष्णता दोन ते अडीच हजार वॉटच्या हीटरमधून येते. एवढ्या शक्तीचे उपकरण पातळ पत्र्याच्या पेटीत, सुक्या कापडाच्या शेजारी काम करीत असते, ही गोष्ट क्षणभरही विसरता कामा नये.

यंत्रात हवेचे दोन प्रवाह असतात आणि ते एकमेकांत कधीही मिसळत नाहीत. पहिला प्रवाह आतल्या आत फिरतो. पंख्याने ढकललेली हवा हीटरवरून तापून ड्रममध्ये शिरते, कपड्यांतील पाणी शोषून घेते, दारापाशी असलेल्या जाळीतून गाळली जाते आणि कंडेन्सरमध्ये येते. कंडेन्सर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची एक पेटी. तिच्या दुसऱ्या बाजूने खोलीतील थंड हवेचा दुसरा प्रवाह वाहत असतो. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला जसे थेंब धरतात, तसेच येथे वाफेचे पाणी होऊन तळाच्या खोलगट भागात साचते. तेथून एक छोटा पंप ते वरच्या टाकीत चढवितो आणि कोरडी झालेली हवा पुन्हा हीटरकडे जाते. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. ज्या खोलीत ड्रायर ठेवला आहे तिची दारे-खिडक्या गच्च बंद असल्या, तर खोलीची हवाच तापते, कंडेन्सर थंड राहत नाही आणि कपडे ओलेच निघतात. यंत्र बिघडलेले नसते. त्याला मोकळी हवा मिळालेली नसते.

आता दोषाचे मूळ पाहू जाता, ते बहुधा कपड्यांतून झडणाऱ्या बारीक तंतूंत सापडते. जाळी बरेचसे तंतू अडविते, सर्वच नव्हे. उरलेले तंतू कंडेन्सरच्या फटींत, पंख्याच्या पात्यांवर, पंपाच्या तोंडाशी आणि हळूहळू हीटरच्या परिसरात साचतात. हवेची वाट अशी अडली की हीटरची उष्णता पुढे वाहून नेली जात नाही आणि तेथील तापमान चढू लागते. याच प्रसंगासाठी हीटरजवळ राखणदार नेमलेले असतात. नेहमीचा थर्मोस्टॅट किंवा तापमान मोजणारा भाग हीटर चालू-बंद करतो. आणि तोही पुरेसा पडला नाही तर त्याहून वरच्या मर्यादेचा कटआउट विद्युत्प्रवाह तोडून टाकतो. काही यंत्रांत हा कटआउट बारीक बटण दाबून पूर्ववत करता येतो, तर काहींत तो एकदाच कामी येतो आणि मग बदलावा लागतो.

येथेच सर्वांत मोठी चूक घडण्याचा संभव असतो. ड्रम फिरतो, पण हवा तापत नाही. मल्टिमीटर लावून पाहता कटआउट तुटलेला आढळतो. नवा भाग मिळण्यास आठवडा लागणार असतो. अशा वेळी कोणी जाणता शेजारी सुचवितो की तारेचा एक तुकडा घालून दोन्ही टोके जोडावी म्हणजे काम भागेल. काम भागते, हे खरे. आणि तेच भयंकर आहे. कटआउट हा आजार नसून आजाराची वर्दी आहे. तो तुटला याचा अर्थ आत कोठे तरी उष्णता कोंडली होती. वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद केल्याने कोंडलेली उष्णता नाहीशी होत नाही. फक्त तिला अडविणारा कोणी उरत नाही. म्हणून हा भाग तारेने कधीही जोडू नये. नवा भाग बसविण्यापूर्वीही जुना का तुटला, याचा शोध घेऊन हवेची वाट मोकळी करावी.

ही भीती काल्पनिक नव्हे. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील एका अठरा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर आग लागली. तिचे कारण म्हणजे कपडे वाळविण्याचे सदोष यंत्र. ज्वाळा वरच्या मजल्यांवर चढल्या. १२० अग्निशामक जवानांना झुंजावे लागले. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. हीटरच्या सान्निध्यात आलेले तंतू पेट घेऊ शकतात, असा तेथील कित्येक यंत्रांतील दोष त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, जाहीर झालेला होता. चिमूटभर कापूस किती झटकन पेटतो, हे निरांजनाची वात लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

यंत्र उघडण्यापूर्वीची शिस्त अशी. नुसते बटण बंद करून थांबू नये. प्लग भिंतीतून काढावा आणि आपल्या नजरेसमोर राहील असा ठेवावा, म्हणजे दुसरे कोणी नकळत तो लावणार नाही. यंत्र नुकतेच चालले असेल तर ते पूर्ण थंड होऊ द्यावे. पाण्याची टाकी रिकामी करावी. पेटी जड असते, म्हणून ती भिंतीपासून दोघांनी मिळून सरकवावी. पायाखालची फरशी कोरडी असावी. मोटरला जोडलेल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विद्युत्भार राहू शकतो. त्याच्या टोकांना बोट अथवा हत्यार लावू नये. दिवा पेटणाऱ्या साध्या टेस्टरवर विसंबू नये. दिवा पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे निश्चित म्हणता येत नाही. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालावे आणि तंतूंची धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे.

पहिली पायरी स्क्रू न काढताच करावयाची असते. जाळी काढून स्वच्छ करावी. खालचे छोटे दार उघडून, खिट्ट्या फिरवून कंडेन्सर बाहेर ओढावा आणि नळाच्या मंद धारेखाली दोन्ही दिशांनी धुवावा. पत्र्यांच्या फटींत सुई, काडी किंवा सुरी घालू नये. पत्रे वाकले अथवा भोक पडले तर दोन्ही प्रवाह मिसळतील. पाणी निथळल्यावर रबरी पट्ट्या नीट बसल्याची खात्री करून तो परत लावावा. टाकी रिकामी असूनही ती भरल्याचा दिवा लागत असेल, तर पंप किंवा त्याजवळचा तरंगणारा खटका तंतूंनी अडकला आहे काय, हे पाहावे. कपडे ओले असतानाच यंत्र थांबत असेल, तर ड्रममधील धातूच्या दोन पट्ट्या मऊ फडक्याने पुसाव्या. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा त्यांवर पातळ थर बसतो आणि ओलावा ओळखण्यात त्यांची चूक होते.

एवढ्याने भागले नाही तर पेटी उघडावी. प्रत्येक नमुन्याची रचना थोडी निराळी असते, म्हणून त्याची पुस्तिका जवळ ठेवावी. सामान्यतः मागील बाजूचे दोन स्क्रू काढले की वरचे झाकण मागे सरकवून उचलता येते. तार सोडविण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवावे. दिसतील तितके तंतू मऊ ब्रशाने सोडवून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावे. ड्रम हाताने फिरविता अगदी हलका, विनाअडथळा फिरला, तर त्याभोवतीचा लांब पट्टा तुटला असे समजावे. नवा पट्टा घालताना तो ताणणाऱ्या स्प्रिंगच्या चाकावरून कसा जातो, हे नीट पाहून ठेवावे. मोटर घुमते पण फिरत नाही, असे असेल तर कपॅसिटर अशक्त झाल्याचा संभव असतो. हीटर तपासताना त्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २,५०० वॉटच्या हीटरचा रोध २१ ओहमच्या आसपास आणि २,००० वॉटचा २६ ओहमच्या आसपास येतो. दोन वेटोळी असल्यास प्रत्येकाचे माप निराळे येईल. हीटर व पत्रा यांच्यात मात्र कोणताही मार्ग जुळता कामा नये.

जुळणी करताना हिरव्या-पिवळ्या रंगाची प्रत्येक तार आपल्या जागी घट्ट बसली पाहिजे. ती अर्थिंगची तार होय. ती लोंबकळत राहिली तरी यंत्र चालते, पण वीज पत्र्यात उतरली तर स्पर्श करणाऱ्याचा जीव जातो. प्लगची मोठी पिन आणि यंत्राचा धातूचा सांगाडा यांमधील रोध मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. सर्व पत्रे लावल्यावरच प्लग जोडावा आणि रिकाम्या यंत्राची पहिली फेरी शेवटपर्यंत उभे राहून पाहावी. प्लग सोळा अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटमध्येच असावा. लोंबत्या जोड-तारेवर नव्हे.

काही कामे घरी करूच नयेत. जळके वास येणाऱ्या तारा, काळवंडलेली जोडणी आणि इलेक्ट्रॉनिक पाटी ही जाणकार कारागिरासाठी सोडावी. उष्णता-पंपाच्या ड्रायरमधील तांब्याच्या नळ्यांना तर हातच लावू नये. अनेक नव्या यंत्रांत त्यांत प्रोपेन हा ज्वलनशील वायू भरलेला असतो.

शेवटी, दुरुस्तीपेक्षा सवय मोठी. प्रत्येक घाण्यानंतर जाळी पुसावी. तेलाने माखलेली फडकी ड्रायरमध्ये घालू नयेत; काही तेले कापडात मुरून आपोआप तापतात. अखेरचा थंड होण्याचा टप्पा संपण्यापूर्वी कपडे काढून ढीग करू नये. घरात कोणी जागे नसताना यंत्र चालवू नये. पावसाळ्यात कपडे एक दिवस उशिरा वाळले तर फारसे बिघडत नाही. मधेच थांबलेले यंत्र कित्येकदा घराच्या रक्षणासाठीच थांबलेले असते. त्याला पुन्हा चालविण्याची घाई करण्यापूर्वी ते का थांबले, एवढे तरी विचारले पाहिजे.