मार्कडाउनचं एचटीएमएल करताना: आधी रूपांतर, मग सफाई

आज आपण पायथनमधली मार्कडाउन लायब्ररी बघू. मार्कडाउन ही खुणांची पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणली. ओळीच्या सुरुवातीला हॅश दिला की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक अक्षर.

वापर सोपा आहे. लायब्ररी इम्पोर्ट करायची आणि तिच्या मार्कडाउन याच नावाच्या फंक्शनला मजकूर द्यायचा. एचटीएमएलची स्ट्रिंग परत मिळते. तक्ते हवे असतील तर टेबल्स हे एक्स्टेन्शन वेगळं सांगावं लागतं, नाहीतर उभ्या रेघा तशाच उमटतात.

आता खरी मेख. मजकुरात कुणी थेट एचटीएमएल लिहिलं, तर ते जसंच्या तसं पुढे जातं. हा दोष नव्हे, मार्कडाउनचा नियमच तसा आहे. पण लिहिणारा अनोळखी असेल, तर त्याचा स्क्रिप्ट टॅग आपल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल!

मग सगळी '<' आणि '>' चिन्हं आधीच एस्केप केली तर? दोन अडचणी येतात. ओळीच्या सुरुवातीचं '>' ही अवतरणाची खूण असते, ती मोडते. आणि 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारी लिंक या चिन्हांशिवायही लिहिता येते, ती निसटतेच.

म्हणून क्रम असा: आधी रूपांतर, मग तयार एचटीएमएलची सफाई. त्यासाठी एनएच३ सारखी लायब्ररी आहे. ती परवानगी दिलेले टॅग आणि लिंकच तेवढ्या ठेवते. जुन्या कोडमध्ये 'सेफ मोड' दिसला तर त्यावर विसंबू नका, ३.० आवृत्तीत तो काढून टाकलेला आहे.