लेक आखातात, आधारचा नंबरही त्याच्याच खिशात!
परदेशी जाणाऱ्यांनी विमानात बसण्याआधी फोनची व्यवस्था लावायला हवी

जालना जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटू लागली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. घरी म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. आता त्यात आणखी एका वाटेची भर पडली आहे. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, गवंडी अशी कामं हाती असलेली पोरं दुबई, सौदी, कतारची वाट धरतात. शिकलेली मुलं जर्मनीकडे डोळे लावून बसतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर ही चर्चा चावडीवरही होते.

जाणारा माणूस पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची काळजी घेतो. फोनची काळजी मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जाते, आणि मग घरच्यांची पंचाईत होते.

पूर्वीची तऱ्हा

एक काळ असा होता की आखातातून महिन्याकाठी एक पत्र आलं तरी घर खूश असे. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ आले. मीटरचे लाल आकडे पळू लागले की बोलणाऱ्याची छाती धडधडायची. ‘बरा आहेस ना? पैसे मिळाले. ठेवतो.’ झालं बोलणं! ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा तिथे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय अडकले होते. त्यांना विमानाने परत आणले गेले, पण तोवर इकडच्या घरांना आपलं माणूस आहे की नाही हेही धड कळत नव्हतं. देशात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आज मोबाइल डेटामुळे रियाधमधल्या खोलीतला पोरगा अंबडमधल्या आईला तोंड दाखवून बोलतो. सौदीचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास आणि दुबईचं दीड तास, एवढा हिशेब आता आजीलाही पाठ असतो.

खरी अडचण ओटीपीची

पण फोन आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. बँक, पीक विमा, पीएम-किसान, शेतकरी ओळख क्रमांक अशा सगळ्यांचा रस्ता आधारला जोडलेल्या मोबाइलवरून जातो. आपल्याकडे बहुतेक घरांत कर्त्या पोराचाच नंबर सगळ्यांच्या आधारला दिलेला असतो. पोरगा परदेशी गेला की ओटीपीही त्याच्याबरोबर जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. ज्याचा धनी आखातात आणि सिम बंद, त्या घरानं काय करायचं?

सिम का बंद पडतं, तेही समजून घ्यावं. नव्वद दिवस कॉल, मेसेज, डेटा यातलं काहीच झालं नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून तीस दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी परक्याच्या हातात पडण्याची भीती असते.

तेव्हा जाणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. आई-वडिलांचा, बायकोचा स्वतंत्र नंबर आधार केंद्रावर जाऊन त्यांच्या आधारला जोडून घ्यावा. स्वतःच्या भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घ्यावं आणि घरच्यांना रिचार्जची तारीख लिहून द्यावी. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला साधारणपणे पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपीची सोय होते. तिसरी गोष्ट, फोनमधलं ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावं. ते चालू राहिलं आणि पॅक नसला, तर झोपेतही फोन डेटा ओढतो आणि पैसे उडतात.

आठ-दहा दिवसांच्या अभ्यास दौऱ्याला जाणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा. वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्याने मात्र तिथलं सिम घ्यावं. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम ओटीपीपुरतं आणि तिथलं सिम डेटासाठी, अशी वाटणी उत्तम.

तिथले कायदे वेगळे

दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, पण त्यावरून थेट कॉल लागत नाही. तिथे सरकारने परवानगी दिलेली बोटिमसारखी अॅप वापरावी लागतात. ते अॅप घरच्यांच्या फोनमध्येही आधीच घालून, एकदा बोलून पाहून ठेवावं. नाहीतर पोरगा पोहोचूनही दोन-चार दिवस घरात चूल पेटत नाही. सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली, पण प्रत्येक अॅप चालेलच असं धरून बसू नये. कुणी व्हीपीएन घालून देतो म्हणाला तर सावध राहावं. अमिरातीत त्याच्या गैरवापराला जबर दंड आहे.

पैशांचंही तसंच. परदेशी नोकरीला गेलेल्याने बँकेला कळवून आपलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. जानेवारी २०२३ पासून सौदी, अमिराती, कतार, ओमान यांसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरवरही एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायला मुभा मिळाली आहे.

फोन हाच साक्षीदार

ऊसतोडीला गेलेल्या टोळीला मुकादमाने फसवलं तर गावचे चार लोक तरी गाडी करून कारखान्यावर जातात. परदेशात तसं कोण जाणार? म्हणून एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर तपासावा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर अठरा देशांसाठी सरकारी परवानगी लागते. त्यांच्यासाठी दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे, आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. म्यानमार-कंबोडियात नोकरीच्या नावाखाली नेऊन पोरांना सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. अशा ठिकाणी आधी पासपोर्ट आणि फोनच काढून घेतात.

म्हणून पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांचे फोटो घरच्या फोनमध्येही असावेत. मालकाचं नाव, राहण्याचा पत्ता, नकाशावरचं ठिकाण पोहोचल्याच दिवशी घरी पाठवावं. आठवड्यातला एक वार बोलण्याचा ठरवावा. तो चुकला तर घरच्यांनी वाट बघत न बसता चौकशी सुरू करावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा फुकट नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. ‘मदद’ या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

ही कामं एका दिवसाची आहेत. ग्रामपंचायतींनी आणि सेतू केंद्रांनी परदेशी निघालेल्या पोरांना एवढी माहिती तोंडी दिली तरी पुष्कळ घरांचा घोर वाचेल. सातबाऱ्यावरचं नाव आपण जसं जपतो, तसाच आता हा दहा आकडी नंबरही जपायला हवा.