चिनी युद्धकला-कादंबरीतील एकनिष्ठ धनुर्धर : जेबे

हाँगकाँगचे लेखक जिन योंग यांच्या ‘द लेजंड ऑफ द काँडॉर हीरोज’ (१९५७-५९) या युद्धकलाप्रधान कादंबरीतील जेबे हा मंगोल धनुर्धर मूळची ऐतिहासिक व्यक्ती होय. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथानुसार, शत्रुपक्षातून आपणच बाण मारल्याची कबुली त्याने तेमुजिन ऊर्फ चंगीजखानासमोर निर्भयपणे दिली. या सत्यवचनामुळेच खानाने त्यास अभय देऊन ‘जेबे’ हे बाणवाचक नाव दिले. त्यानंतर तो आजन्म एकनिष्ठ राहिला.

कादंबरीत जेबे हा नायक ग्वो जिंग याचा धनुर्विद्येतील गुरू होतो. पुढे मात्र हाच शिष्य सोंग राज्यावर आक्रमण करण्यास नकार देऊन खानाची साथ सोडतो. गुरूची निष्ठा स्वामीवर, तर शिष्याची मायभूमीवर होती. धनुर्विद्या गुरूकडून मिळते. निष्ठेची निवड मात्र ज्याची त्यालाच करावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.