भिंतीतली वीज : बेरीज जुळली म्हणजे प्रारूप बरोबर?

भिंतीत बसवलेल्या सौर पॅनलचे संगणकीय प्रारूप कसे मांडतात, ते आपण मागच्या लेखात पाहिले. आता ते प्रत्यक्ष नोंदींशी ताडून घ्यायचे, म्हणजे त्याचे कॅलिब्रेशन करायचे.

यासाठी अमेरिकेतल्या गेथर्सबर्गचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तिथल्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेत हंटर फॅनी आणि सहकाऱ्यांनी एका इमारतीच्या दक्षिण भिंतीत वेगवेगळ्या प्रकारचे पॅनल बसवले. प्रत्येक प्रकारात एका पॅनलच्या पाठीला उष्णतारोधक थर दिला, दुसऱ्याची पाठ तशीच ठेवली. त्यांच्या नोंदी २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डी सोटो, क्लाइन आणि बेकमन यांनी २००६ च्या आपल्या पाच घटकांच्या प्रारूपाची परीक्षा याच नोंदींवर घेतली.

पाठीचा थर इतका महत्त्वाचा का? उत्पादक पॅनलचे तापमान सांगतो ते ८०० वॉट प्रति चौरस मीटर ऊन, २० अंश हवा आणि सेकंदाला १ मीटर वारा असताना, तेही उघड्या चौकटीवरचे. भिंतीत पाठ बंद होते आणि पॅनल त्याहून बरेच तापते. स्फटिकी सिलिकॉनची वीज दर अंशाला साधारण ०.४ ते ०.५ टक्के घटते. तापमानाचा अंदाज १५ अंशांनी चुकला, तर वीज सहा-सात टक्क्यांनी चुकते.

दुसरी अडचण काचेची. गेथर्सबर्गला जूनमधल्या माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७४ अंश वर असतो, डिसेंबरात २७ अंशांच्या आसपास. म्हणजे जूनचे किरण उभ्या काचेला चाटून जातात आणि त्यांतला मोठा वाटा परावर्तित होतो. प्रारूपात हे धरले नसेल, तर उन्हाळ्यातली वीज फुगून दिसते. मग सगळ्या वर्षाला एकच वजावट लावण्याचा मोह होतो. वर्षाची बेरीज जुळते, पण उन्हाळ्याचा आकडा जास्तच राहतो आणि हिवाळ्याचा कमी पडतो. याला कॅलिब्रेशन म्हणायला माझी तयारी नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. ऊन भिंतीच्याच पातळीत मोजलेले हवे. आधी पॅनलचे तापमान जुळवावे, मग निरभ्र दिवसांच्या नोंदींवरून काचेचे परावर्तन, आणि विजेचे घटक सर्वांत शेवटी. काही आठवड्यांच्या नोंदी मुद्दाम बाजूला ठेवून प्रारूप त्यांवर तपासावे. अॅशरे या अमेरिकी अभियंता-संघटनेच्या १४ व्या मार्गदर्शिकेत ताशी नोंदींसाठी सरासरी चूक १० टक्क्यांपर्यंत, तर विखुरलेपण ३० टक्क्यांपर्यंत चालते. पण ते निकष इमारतीच्या ऊर्जावापरासाठी आहेत. पॅनलसाठी ते मला फार सैल वाटतात.

आपल्या इमारतीत असे पॅनल बसवणार असाल, तर भिंत बंद करण्याआधी पॅनलच्या पाठीला तापमानाचा सेन्सर लावून घ्या. भिंत बंद झाल्यावर तिथे हात पोचत नाही.