आभासी यंत्र सॉफ्टवेअरचे मायक्रोकर्नलवरील अनुकूलन

आभासी यंत्र सॉफ्टवेअरचे मायक्रोकर्नलवरील अनुकूलन म्हणजे एका संगणकात दुसरा संगणक भासविणारे सॉफ्टवेअर अतिशय लहान गाभा असलेल्या कार्यप्रणालीवर चालेल अशा रीतीने बदलणे होय. असे बहुतेक सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स यांसारख्या मोठ्या गाभ्याच्या कार्यप्रणाली गृहीत धरून लिहिलेले असते. मायक्रोकर्नलवर ती गृहीतके लागू पडत नाहीत. म्हणून या कामात सॉफ्टवेअरची अंतर्गत विभागणीच नव्याने करावी लागते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील जेनोड या प्रकल्पाने व्हर्च्युअलबॉक्सचे केलेले अनुकूलन हे याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

संगणकाचा प्रोसेसर किमान दोन पातळ्यांवर काम करतो. विशेषाधिकाराच्या पातळीवर यंत्राच्या सर्व भागांवर ताबा असतो. सामान्य पातळीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र प्रत्येक मोठ्या कामासाठी गाभ्याकडे, म्हणजेच कर्नलकडे, विनंती करावी लागते. लिनक्ससारख्या एकसंध गाभ्यात फाइल व्यवस्था, नेटवर्क आणि बहुतेक उपकरणांचे ड्रायव्हर हे सारे विशेषाधिकाराच्या पातळीवर असते. अशा गाभ्याचा आकार कोट्यवधी ओळींपर्यंत वाढू शकतो आणि त्यातील एका ड्रायव्हरमधील चूक संपूर्ण यंत्रणा कोलमडून टाकू शकते.

मायक्रोकर्नलचा विचार याच्या उलट आहे. प्रोसेसरच्या वेळेची वाटणी, मेमरीचे संरक्षण आणि प्रोग्रॅममधील संदेशवहन एवढीच कामे गाभ्यात ठेवायची आणि बाकी सर्व सेवा सामान्य पातळीवरील स्वतंत्र प्रोग्रॅमकडे सोपवायच्या, हे त्याचे सूत्र होय. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ मध्ये सुरू झालेला मॅक हा या विचाराचा प्रसिद्ध प्रारंभिक प्रयत्न होता. पण त्यातील संदेशवहन मंद होते. जर्मन संगणकशास्त्रज्ञ योखेन लीड्टके यांनी १९९० च्या दशकात एल४ हा मायक्रोकर्नल घडवून हा मंदपणा तत्त्वाचा दोष नसून रचनेचा दोष आहे, हे दाखवून दिले.

आभासी यंत्राची कल्पना याहून जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. आभासी यंत्रात चालणाऱ्या कार्यप्रणालीला पाहुणी, तर मूळ यंत्रावरील कार्यप्रणालीला यजमान म्हणतात. पाहुणीला आपण खऱ्या यंत्रावर चालत आहोत असे भासविणाऱ्या प्रोग्रॅमला या लेखात नियंत्रक म्हटले आहे.

अडचणीचे स्वरूप

इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये आभासीकरणासाठी खास सोयी आणल्या. त्यामुळे पाहुणीच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसर थेट पार पाडतो. पाहुणीने एखाद्या उपकरणाला हात घातला किंवा संवेदनशील आज्ञा दिली, की प्रोसेसर तिला थांबवून ताबा यजमानाकडे परत देतो. मात्र पाहुणीला चालू करण्याची आज्ञा केवळ विशेषाधिकाराच्या पातळीवरूनच देता येते. त्यामुळे नेहमीच्या रचनेत नियंत्रकाचा एक भाग यजमान गाभ्याच्या आत बसविला जातो. लिनक्समध्ये २००७ साली समाविष्ट झालेला केव्हीएम हा असाच भाग आहे, तर उपकरणांची नक्कल करणारा क्वेमू हा प्रोग्रॅम सामान्य पातळीवर चालतो. व्हर्च्युअलबॉक्सही स्थापनेच्या वेळी गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवितो.

मुंबईतील साकीनाका परिसरात आढळणाऱ्या औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीवरून हा फरक समजून घेता येईल. अशा इमारतीत वीज, पाणी आणि लिफ्ट एवढ्या सामाईक सोयी असतात. प्रत्येक गाळ्यातील धंदा मात्र वेगळा असतो. एखाद्या गाळेधारकाने मीटरच्या खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवली, तर त्याचे काम सोपे होते, पण त्याच्या एका चुकीने सगळी इमारत अंधारात जाऊ शकते. एकसंध गाभ्यात ड्रायव्हर बसविणारा नियंत्रक हा किल्ली बाळगणारा गाळेधारक होय. मायक्रोकर्नल ही किल्ली कोणालाच देत नाही. तेव्हा किल्लीच्या भरवशावर रचलेले काम विनंती-अर्जाच्या पद्धतीने कसे चालवायचे, हा अनुकूलनाचा मुख्य प्रश्न ठरतो.

अनुकूलनाचे मार्ग

या प्रश्नाला स्थूलमानाने तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर म्हणजे संपूर्ण नक्कल. नियंत्रक पाहुणीच्या आज्ञा भाषांतरित करून स्वतःच पार पाडतो. यासाठी गाभ्याची खास मदत लागत नाही, पण वेग बराच घटतो.

दुसऱ्या मार्गात पाहुणी कार्यप्रणालीच बदलली जाते. १९९७ मध्ये हेर्मान हेर्टिग, लीड्टके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सचा गाभा एल४ वर एक सामान्य प्रोग्रॅम म्हणून चालविला. ठरावीक चाचण्यांत त्याची कमाल कार्यक्षमता मूळ लिनक्सपेक्षा केवळ ५ टक्क्यांनी कमी भरली. मॅकवर आधारलेल्या आणि सामान्य पातळीवर चालणाऱ्या लिनक्सची घट याच्या सातपट होती. मात्र लिनक्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी हे बदल पुन्हा करावे लागतात आणि ज्यांचा मूळ मजकूर उपलब्ध नाही अशा कार्यप्रणालींना हा मार्ग बंद असतो.

तिसऱ्या मार्गात गाभ्यामध्ये आभासीकरणाची अगदी मोजकी सोय करून उरलेला सर्व नियंत्रक सामान्य पातळीवर ठेवला जातो. उडो स्टाइनबर्ग आणि बर्नहार्ड काउअर यांनी २०१० मध्ये मांडलेली नोव्हा ही रचना या प्रकारची आहे. तिचा गाभा सुमारे ९,००० ओळींचा असून प्रत्येक आभासी यंत्रासाठी स्वतंत्र नियंत्रक चालतो.

व्हर्च्युअलबॉक्सचे उदाहरण

नॉर्मान फेस्के आणि क्रिस्तियान हेल्मुथ यांनी स्थापन केलेल्या जेनोड लॅब्ज या कंपनीने २०१४ मध्ये नोव्हावर चालणारे व्हर्च्युअलबॉक्स उपलब्ध केले. त्यासाठी पुढील बाबी हाताळाव्या लागल्या.

गाभ्यातील भाग: मूळ व्हर्च्युअलबॉक्समध्ये विशेषाधिकाराच्या पातळीवर चालणारा भाग सामान्य पातळीवर आणला गेला. पाहुणीला चालू करणे आणि थांबविणे एवढेच काम नोव्हाकडे राहिले. पाहुणी थांबली की नोव्हा तिच्या रजिस्टरांची स्थिती संदेशाद्वारे नियंत्रकाला कळवितो; नियंत्रक कारण पाहून योग्य ती कृती करतो आणि उत्तर पाठवितो. उत्तर मिळताच पाहुणी पुन्हा चालू लागते. थांबण्याच्या प्रत्येक कारणासाठी वेगळे द्वार असते आणि त्या कारणापुरतीच माहिती पाठविली जाते. त्यामुळे संदेशवहनाचा खर्च आटोक्यात राहतो.

मेमरी: पाहुणीला जी मेमरी आपली वाटते ती प्रत्यक्षात नियंत्रकाची असते. नियंत्रक स्वतःकडे असलेल्या मेमरीपैकीच काही भाग पाहुणीला देऊ शकतो. जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हा नियम गाभा काटेकोरपणे पाळतो.

व्यत्यय: नेटवर्कवरून माहिती आली किंवा ठरलेली वेळ भरली, की ते पाहुणीला कळवावे लागते. त्या क्षणी पाहुणी प्रोसेसरवर चालू असेल तर नियंत्रक तिला थांबवू शकत नाही. म्हणून तिला परत बोलाविण्याची विनंती तो गाभ्याला करतो.

यजमान सेवा: व्हर्च्युअलबॉक्स अनेक यजमान प्रणालींवर चालत असल्याने फाइल, वेळ, समांतर धागे यांसाठी त्यात एक मध्यस्थ थर आधीपासूनच होता. हा थर जेनोडच्या सेवांशी जोडण्यात आला. आभासी पडदा, कळफलक आणि नेटवर्क कार्ड यांची टोके जेनोडमधील स्वतंत्र प्रोग्रॅमकडे वळविण्यात आली.

२०१९ मध्ये जेनोडने नोव्हा, एसईएल४ आणि फियास्को यांच्यासाठी आभासीकरणाची एकच सामाईक पद्धत आणली. त्यामुळे प्रत्येक गाभ्यासाठी नियंत्रक वेगळा घडविण्याची गरज उरली नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्व

या खटाटोपाचे प्रयोजन सुरक्षितता हे आहे. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाने ओळखला जाणारा दोष उघडकीस आला. क्वेमूमधील फ्लॉपी डिस्कच्या नकलेत तो २००४ पासून होता आणि त्याची झळ केव्हीएम, झेन तसेच व्हर्च्युअलबॉक्सला बसली. फ्लॉपी वापरातून गेली होती, तरी तिची नक्कल करणारा मजकूर शिल्लक होता. पाहुणीत शिरलेल्या हल्लेखोराला या मार्गाने यजमानापर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची आभासी यंत्रे चालत असल्यास असा दोष सर्वांनाच धोक्यात आणतो.

प्रत्येक आभासी यंत्राचा नियंत्रक वेगळा आणि अधिकारहीन असेल, तर असा हल्लेखोर नियंत्रक ताब्यात घेऊनही त्याच्या कक्षेतच अडकून राहतो. बोइंगच्या लिटल बर्ड या मानवरहित हेलिकॉप्टरवर अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रकल्पात याची परीक्षा झाली. एसईएल४ वरील आभासी यंत्रात लिनक्स चालविण्यात आले आणि परीक्षकांना त्या लिनक्सचा ताबा देण्यात आला. तरीही त्यांना इतर भागांत शिरता आले नाही. एसईएल४ चा गाभा आपल्या विनिर्देशानुसारच वागतो, हे २००९ मध्ये गणिती पद्धतीने सिद्ध करण्यात आले होते.

मर्यादा आणि मतभेद

गाभ्याची सिद्धता नियंत्रकाला लागू होत नाही. नियंत्रकातील चुकीमुळे त्याच्या पाहुणीचे नुकसान होऊ शकते. मूळ व्हर्च्युअलबॉक्सच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्याने अनुकूलनाचे कामही वेळोवेळी पुन्हा करावे लागते. शिवाय, प्रत्यक्ष उपकरणांचे ड्रायव्हर मायक्रोकर्नलच्या प्रणालीसाठी मिळवावे लागतात, ही अडचण कायम आहे.

आभासी यंत्राचा नियंत्रक आणि मायक्रोकर्नल यांच्या नात्याविषयी अभ्यासकांत वाद झाला. मायक्रोकर्नलने जे साधायचे होते ते आभासी यंत्रांचे नियंत्रकच अधिक चांगले साधतात का, असा प्रश्न स्टीव्हन हँड आणि सहकाऱ्यांनी २००५ मधील एका निबंधात उपस्थित केला. पुढील वर्षी गेर्नोट हायझर आणि सहकाऱ्यांनी त्यातील युक्तिवाद खोडून काढला. नोव्हासारख्या रचनांत मात्र एकच लहान गाभा दोन्ही भूमिका पार पाडतो.