मॉडेलचं गणित 31 मेला संपलं, मग 1 जूनचं पाणी कुठून आणायचं?

समजा, मुंबईच्या तलावांतलं पाणी कसं वापरायचं हे तुम्ही कॉम्प्युटरला विचारलंत. काळ दिलात 1 ऑक्टोबर ते 31 मे, आणि सांगितलंत की लोकांना जास्तीत जास्त पाणी मिळू दे. उत्तर येईल: 31 मेच्या रात्री सातही तलाव कोरडे!

कॉम्प्युटरचं काही चुकलेलं नाही. त्याच्यासाठी 1 जून उगवतच नाही, म्हणून उरलेल्या पाण्याची किंमत शून्य. वीज, जंगल, पेन्शन, कुठलंही लांबचं नियोजन घ्या, मुदतीच्या टोकाला हा घोळ होतोच.

जव्हार-मोखाड्यात नागली पिकवणाऱ्या घराला हे शिकवावं लागत नाही. कितीही ओढाताण असो, बियाण्याची नागली बाजूला राहते. मॉडेलमध्येही अशी अट घालता येते: मुदत संपताना अमुक इतका साठा शिल्लक हवाच.

दुसरा उपाय म्हणजे मुदतच पुढे ढकलायची. मुंबई महापालिका 1 ऑक्टोबरचा साठा 31 जुलैपर्यंत पुरवायचा, असं धरून चालते. पाऊस जूनमध्ये येतो, तरी जुलै धरायचा. तलावांची एकूण क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर. रोज 3,900 दशलक्ष लिटर दिलं तर 371 दिवस, तेही तलाव काठोकाठ भरले आणि बाष्पीभवन विसरलं तर. फार ऐसपैस नाही.

अर्थात, 31 जुलै हेही एक टोकच. म्हणून योजना वर्षाची करायची, पण अमलात फक्त पहिला महिना आणायचा. मग नवा साठा मोजून पुन्हा पुढच्या वर्षभराची मांडणी. टोक सतत पुढे सरकत राहतं, त्याच्यापर्यंत आपण पोचतच नाही. जून 2024 मध्ये साठा घसरल्यावर मुंबईत 10 टक्के पाणीकपात झाली, तेव्हाही आकडे बघून मधेच बेत बदलावा लागला होता.

सगळ्यात अवघड उपाय तिसरा: उरलेल्या प्रत्येक लिटरला किंमत लावायची. कमी धरली तर तलाव आटतात, जास्त धरली तर पाणी असूनही नळ कोरडे. ही किंमत कोणाच्या तहानेवरून ठरवायची? 2014 मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही त्याच तालुक्यात.